इनलाइनवर स्पिन सारखा सरकतो? आधी तो कुठे सरकतो ते बघा

तक्रार साधारण अशी येते. मुलगी इनलाइनवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवर, फिगर स्केटिंग शिकतेय, थ्री-टर्न (एका पायावर पुढून मागे वळणं) बसलाय, वॉल्ट्झ जम्प बरी पडते, अपराइट स्पिनचे (उभ्याने घेतलेल्या गिरकीचे) चार-पाच फेरे एका जागी व्हायला लागलेत. आणि मग कधीतरी स्पिन सरकायला लागतो. सुरू होतो इथे, संपतो दोन हात पलीकडे. सर म्हणतात खांदे सरळ ठेव. आई म्हणते तुझं लक्षच नाही. आठवडाभर घासून घेतलं की जरा सुधारतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कुणीतरी नवी चाकं घालून देतं, काही दिवस मजेत जातात, पुन्हा तेच. आपल्या गोव्यात पावसाळ्यात हे जास्त होतं, गणेश चवथीच्या सुट्टीनंतर तर हमखास.

माझं म्हणणं एवढंच आहे की अंगात एकदा मुरलेलं कसब दर दीड महिन्याने जात-येत नाही. मूल मोठं होतं, उंची वाढते, तेव्हा तोल बिघडतो हे खरं. पण जे पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने बिघडतं आणि चाकं बदलली की तात्पुरतं सुधारतं, ते बहुतेक वेळा पायाखाली असतं, पायात नसतं. म्हणून मुलाला ओरडण्याआधी स्केट आणि फरशी तपासायची. तपासायचा क्रम मात्र चुकवू नका, नाहीतर चाकांवर पैसे जातील आणि दोष निघेल जमिनीचा.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. दुकानात मिळणारे साधे इनलाइन आणि हे वेगळे. फिगर स्केटिंगचे इनलाइन म्हणजे बर्फावरच्यासारखाच टाचेचा चामडी किंवा तत्सम बूट, खाली मापाप्रमाणे तीन किंवा चार चाकांची फ्रेम आणि पुढे टो पिकच्या (बर्फाच्या पात्याच्या टोकाला असलेल्या दात्यांच्या) जागी रबराचा स्टॉपर. पिक, स्नो व्हाइट, रोल-लाइनचं लिनेआ ही त्यातली माहितीतली नावं. खरी गोम अशी की सगळी चाकं एका पातळीत नसतात. मधली जरा खाली, टोकाची जरा वर. बर्फाच्या ब्लेडला लांबीत जो बाक असतो, ज्याला रॉकर म्हणतात, त्याची ही नक्कल. ब्लेडचा बाक साधारण ७ किंवा ८ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा असतो. दिसायला जवळजवळ सपाट, पण त्यामुळेच एका वेळी पात्याचा छोटासा तुकडा बर्फाला टेकतो आणि माणूस त्यावर गिरकी घेऊ शकतो. चाकांचंही तसंच. रॉकर असेल तर एक किंवा दोनच चाकं टेकतात. तो गेला की सगळी टेकतात, आणि गिरकीच्या मध्यापासून लांब असलेल्या चाकाला आडवं घसटत जावं लागतं. बर्फावर पातं आडवं घसरतं. चाकाचं प्लास्टिक घसरत नाही, ते पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं. प्रत्येक झटक्याला स्पिन थोडा पुढे.

दिशा

आता तपासणी. खडूने फरशीवर एक फुली मारा. मुलीला तिथूनच स्पिन सुरू करायला सांगा आणि तो संपेल तिथे दुसरी खूण करा. असं चार वेळा, पण दर वेळी वेगळ्या बाजूने येऊन: एकदा दरवाजाकडून, एकदा समोरच्या भिंतीकडून, मग उरलेल्या दोन बाजूंनी.

चारही खुणा एकाच भिंतीच्या बाजूला पडल्या, तर दोष जमिनीचा. मुलगी कुठूनही आली तरी उतार तिला एकाच बाजूला नेतोय.

खुणा चार दिशांना पडल्या, पण प्रत्येक वेळी ती ज्या बाजूने आली त्या हिशेबाने पुढेच, तर दोष स्केटचा किंवा शिरतानाच्या पद्धतीचा.

आणि खुणांना काहीच ताळमेळ नसेल, एकदा पुढे, एकदा बाजूला, एकदा जागच्या जागी, तर सैल काहीतरी आहे: फ्रेमचा स्क्रू, चाकाचा बोल्ट, किंवा बुटाचा घोटाच.

ही चाचणी करायला काही लागत नाही, तरी ती कुणी करत नाही. एका पालकांनी मला विचारलं होतं, "दादा, महागातली चाकं मागवू का?" त्यांच्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये सराव चालायचा. चारही खुणा गटाराच्या जाळीकडे पडल्या. चाकं मागवायची राहिली, सराव दहा पावलं आत सरकला, खांबांच्या मधे, जिथे फरशी सपाट होती.

जमीन

आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. त्यामुळे गोव्यातला गवंडी उघड्या जागेला ढाळ दिल्याशिवाय सोडतच नाही. गच्ची, इमारतीखालचं पार्किंग, शाळेचं अंगण, व्हरांडा, सगळ्याला पाणी वाहून जाईल असा उतार असतो. चालताना तो कळत नाही, गोटी ठेवली की कळतो. काचेची गोटी फरशीवर तीन-चार ठिकाणी हळूच ठेवा, ढकलू नका. जिथे ती थांबून राहते ती स्पिनची जागा. बाकीच्या जागेवर स्ट्रोकिंग (पाय ढकलत पुढे जाणं) करा, क्रॉसओव्हर (वळताना पायावरून पाय टाकणं) करा, तिथे उताराने फारसं बिघडत नाही.

दुसरा भाग पकडीचा. गुळगुळीत विट्रिफाइड टाइलवर कडक चाक घसरतं, खरखरीत सिमेंटवर मऊ चाक चिकटतं. चाकावर ७८ए, ८२ए, ८५ए असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. रस्त्यावरच्या स्केटची मऊ चाकं कुणी या फ्रेमवर घातली असतील तर स्पिन जड जाणार आणि थ्री-टर्न अडकणार, हे गृहीत धरा. उलट हॉलच्या लाकडी किंवा अ‍ॅक्रिलिक जमिनीवर जे चाक छान चालतं तेच घरच्या टाइलवर पाय काढून घेऊ शकतं. दोन ठिकाणी सराव असेल तर एकाच चाकाकडून दोन्हीची अपेक्षा करू नये. काही जण पुढचं एकच चाक जरा कडक घालतात, म्हणजे स्पिन मोकळा होतो आणि मागच्या चाकांची पकड टिकते. मला ते पटतं, पण आधी रॉकर ठीक आहे याची खात्री झाल्यावरच.

आणि मे अखेरीपासूनचा खास आपला प्रकार म्हणजे फरशीला घाम येणं. बाहेर दमट गरम हवा, आत थंड फरशी, की टाइलवर पाण्याचा इतका पातळ थर येतो की तो दिसत नाही. तळहात टेकवून बघा, हात ओला झाला तर त्या दिवशी स्पिन आणि उड्या बंद. पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत पुन्हा येतो. पंखे लावून हवा खेळती ठेवली तर थोडा फरक पडतो. अशा दिवशी घोटे, पाठ, हातांच्या जागा यांचा बिनस्केटचा सराव घ्यावा. पावडर टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टाल्कम टाकलेल्या टाइलवर चाकं घालून उभं राहणं म्हणजे हात मोडून घेणं.

चिऱ्याची तांबडी धूळ हा वेगळा त्रास. आपल्याकडे कंपाउंडची भिंत चिऱ्याची, अंगणात माती, आणि ती चपलांबरोबर हॉलमध्ये येते. बारीक असते, चाकाच्या कडेला बसते आणि पकड घालवते. सरावाआधी ओलं फडकं नाही, कोरडा मऊ झाडू. चाकं तेवढी ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची.

रॉकर

जमीन निर्दोष निघाली आणि सरकणं येण्याच्या दिशेलाच आहे, तर स्केट काढा आणि स्वयंपाकघरात जा. ग्रॅनाइटचा ओटा सपाट असतो, बहुतेक घरांत त्याच्याइतकी सपाट दुसरी वस्तू नसते. पेपर पसरून त्यावर स्केट ठेवा. (आईला विचारून. हे मी गमतीने लिहीत नाहीये.)

लागणारं साहित्य म्हणजे मुदत संपलेली एटीएम कार्डं. बँकेचं कार्ड कुठलंही असलं तरी प्रमाणाप्रमाणे ०.७६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे फुकटचं फीलर गेज, फट मोजायची पट्टी. उठावदार आकडे असलेलं जुनं कार्ड असेल तर आकडे नसलेला भाग वापरा.

तीन चाकांच्या फ्रेमचं सांगतो. बुटाच्या मध्यावर हाताने दाब द्या आणि पुढे झुकवा, म्हणजे पुढचं आणि मधलं अशी दोन चाकं टेकतील आणि मागचं अधांतरी राहील. आता त्या मागच्या चाकाखाली कार्डं सरकवत जा. एक गेलं, दोन गेली, तिसरं अडलं. म्हणजे फट दीड मिलिमीटरच्या वर, सव्वादोनच्या आत. दुसऱ्या पायाचंही तसंच मोजा. डाव्या-उजव्यात फरक दिसला तर दचकू नका, पुढे त्याचं कारण येतंय.

किती कार्डं जायला हवीत? फ्रेमप्रमाणे हे बदलतं, म्हणून नवी चाकं घातली त्याच दिवशी मोजून आकडा फ्रेमच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवायचा. नव्यात तीन कार्डं जात होती आणि आता एक जेमतेम जातं, तर तुमचं उत्तर मिळालं. मुलीच्या खांद्यांना दोष देणं थांबवा.

असं का होतं? मधलं चाक खाली, म्हणून सगळ्यात जास्त वजन त्याच्यावर, म्हणून तेच आधी झिजतं. आणि ते झिजलं की ते वर जातं, बाक सपाट होतो. सारख्या अंतरावर तीन चाकं असतील तर हिशेब सोपा आहे. मधलं चाक व्यासात टोकाच्या चाकांपेक्षा जितकं जास्त झिजलं, तितकीच मागची फट कमी होते. व्यासात २ मिलिमीटरची झीज म्हणजे त्रिज्येत १, म्हणजे मधलं चाक १ मिलिमीटर वर, आणि मागच्या टोकाशी त्याचं दुप्पट, पुन्हा २. सुरुवातीला फट २ मिलिमीटरचीच असेल तर दोन मिलिमीटर झिजेपर्यंत सगळा रॉकर संपला. बघणाऱ्याला चाक अजून चांगलं दिसतं. रस्त्यावरच्या स्केटवर ते अजून वर्षभर चाललं असतं. म्हणूनच "चाकं तर नवीच आहेत" हे वाक्य फसवं असतं. व्हर्नियर कॅलिपर असेल तर प्रत्येक चाकाचा व्यास लिहून काढा, नसेल तर कार्डं पुरतात. चार चाकांच्या फ्रेमवर दुसरं-तिसरं चाक खाली असतं, तिथे आकड्यांचा हिशेब जरा बदलतो, पण झीज त्याच दिशेने जाते.

दुरुस्तीचे दोन मार्ग, आणि कुठला ते तुमच्या फ्रेमवर ठरतं. काही फ्रेमवर सगळी चाकं एकाच मापाची असतात आणि मधल्या बोल्टचं भोकच खाली पाडलेलं असतं. तिथे झिजलेलं मधलं चाक टोकाला आणि टोकाचं, कमी झिजलेलं, मध्ये. बाक परत येतो, कधीकधी आधीपेक्षा जरा जास्तच, म्हणून पहिल्या दिवशी जपून. दुसऱ्या फ्रेमवर भोकं एका रेषेत असतात आणि मधलं चाकच मोठ्या मापाचं घालतात. तिथे अदलाबदल करायला गेलात तर सगळंच उलटं होईल, बाक जाऊन खड्डा पडेल. तिथे मधली चाकं नवीनच घ्यायची, टोकाची जुनी चालतात. आपली फ्रेम कुठली हे कळत नसेल तर चाकं काढून एका कडेला ओळीने उभी करा आणि बघा. नवी असताना सारखी होती का? नसतील तर दुसरा प्रकार.

आता डाव्या-उजव्यातला फरक. डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या मुलांचा नेहमीचा स्पिन डाव्या पायावर, मागे जात आतल्या एजवर (चाकाच्या आतल्या कडेवर) होतो. उडी मारून ती उतरतात उजव्या पायावर, मागे जात बाहेरच्या एजवर. त्यामुळे डाव्या स्केटचं चाक आतल्या कडेला झिजतं, उजव्याची बाहेरची कडही जाते. चाक डोळ्यांसमोर उभं धरून समोरून बघा, शिखर मध्यावर आहे की एका बाजूला ढळलंय ते लगेच दिसतं. ढळलं असेल तर चाक उलटं करून बसवा, म्हणजे झिजलेली कड दुसरीकडे जाईल. पायांची अदलाबदल करायची असेल तर आधी असं बघून मगच, डोळे मिटून नाही. बेअरिंग आणि स्पेसर आहेत तसे राहू द्या, फक्त चाक फिरवा.

किती दिवसांनी? सिमेंटवर रोज सराव असेल तर दर पंधरवड्याला कार्डं लावून बघा. लाकडी जमिनीवर महिन्याने चालेल. दिवस मोजून चाकं फिरवू नका, फट मोजून फिरवा. मुलाचं वजन, जमीन, स्पिन किती करतं यावर सगळं आहे, आणि दोन बहिणींच्या स्केटचाही हिशेब सारखा येत नाही.

स्टॉपर

हे पटकन. स्पिनमध्ये खरडल्याचा आवाज येत असेल तर बाकी काही बघण्याआधी पुढचा रबर बघा. नवा बसवल्यावर तो खाली येतो आणि पुढच्या चाकावर वजन गेलं की जमिनीला लागतो, स्पिन तिथेच अडतो. झिजला की उलटा त्रास, टो लूप किंवा फ्लिप या उड्यांना पाय टेकवायला जास्त झुकावं लागतं आणि मूल नकळत पुढे पडायला शिकतं. बहुतेक फ्रेमवर तो वर-खाली करता येतो. स्केट पुढे झुकवल्यावर रबर आणि ओटा यांत थोडी फट राहायला हवी, पण टाच उचलली की तो लागला पाहिजे. झिजला तर फिरवून न झिजलेली बाजू पुढे घ्या, मग बदला.

गंज

जून ते सप्टेंबरमध्ये रॉकर शाबूत असूनही स्पिन अडखळतो, त्याला बहुतेक वेळा बेअरिंग कारण असतं. ही ६०८ मापाची, म्हणजे आत ८, बाहेर २२ आणि रुंदीला ७ मिलिमीटर. मिक्सर-पंख्यांच्या दुकानांतही मिळतात, पण स्केटची म्हणून मागा. चवथीला स्केट पिशवीत घालून कपाटाखाली गेले, दहा-बारा दिवसांनी काढले, की बेअरिंगला तांबूस रंग आणि चाक फिरवल्यावर वाळू चावल्यासारखा आवाज. पणजीत मिरामार किंवा कांपालच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यात, मीठ आणि बारीक वाळू मिळाली की हे चवथीचीही वाट बघत नाही.

चाक बोटाने फिरवून किती वेळ फिरतं हे बघणं निरर्थक आहे. मोकळ्या चाकावर वजनच नसतं, कोरडं बेअरिंगही भन्नाट फिरतं. कानाजवळ धरा आणि बोटाला जाणवणारी खरखर बघा. चाक बाजूला हलवल्यावर डुगडुगतं का तेही. एकाच चाकात खरखर असेल तर स्पिनमध्ये तेवढंच चाक अडतं आणि बाकीची त्याच्याभोवती फिरतात. अशा वेळी खडूने मारलेल्या खुणा कधी पुढे, कधी बाजूला अशा पडू शकतात.

साफसफाई अशी: एका बाजूचं झाकण काढा, रबराचं असेल तर टाचणीने निघतं, पत्र्याचं असेल तर आत बारीक तारेची कडी असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवा, काळं पाणी निघेपर्यंत. पूर्ण सुकवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. डब्ल्यूडी-४० मारून सोडून देणाऱ्यांना मी हात जोडतो. ते मळ सोडवायला छान, पण वंगण म्हणून फार टिकत नाही. पावसाळ्यात पातळ तेलाऐवजी थोडं ग्रीस घाला. वेग जरा कमी होईल, पण ओल आत शिरत नाही. गंजाचे खड्डे पडलेलं बेअरिंग साफ करत बसू नये, फेकावं.

बोल्ट आवळताना जोर काढणारे काकाही घरोघरी असतात. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर हरवला असेल आणि बोल्ट करकचून आवळला, तर बेअरिंग बाजूने दाबली जाते आणि नवी असूनही अडते. आवळून चाक फिरत नसेल तर आधी स्पेसर आहे का बघा, मग पाव फेरा सैल करा.

स्केट ठेवायची जागा कोरडी हवी. आपल्याकडे कपाटात साधा बल्ब पेटता ठेवायची पद्धत होती, एलईडी आल्यापासून तो उपायही गेला. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पण ओला बूट डब्यात घालू नका, आधी रात्रभर पंख्याखाली. नाहीतर डबा उघडल्यावर आत हिरवी-पांढरी बुरशी तुमची वाट बघत असेल.

फ्रेमचे स्क्रू

चामडी तळ ओल ओढतो, फुगतो, पुन्हा सुकून आखडतो. त्यात स्क्रू सैल होतात आणि फ्रेम केसभर हलते. खुणांना ताळमेळ नाही अशी जी तिसरी परिस्थिती वर सांगितली, तिचं हे नेहमीचं कारण. फ्रेमच्या कडेने तळावर पेन्सिलीची रेघ मारून ठेवा. रेघ आणि कड यांत अंतर दिसलं की फ्रेम सरकली. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेली आगकाडीची काडी ठोकायची, एक रात्र वाळू द्यायची, मग स्क्रू. सुतारकामातली जुनी युक्ती आहे, मोसम निघतो. पुन्हा सैल झाला तर मोठ्या मापाचा स्क्रू, टाचेला आरपार नट-बोल्ट. तळाच्या उघड्या चामड्यावर पॉलिशवाल्याकडून मेण किंवा वॉर्निशचा हात मारून घ्या, आणि तो मेमध्येच. पावसात मारलेलं वॉर्निश वाळत नाही.

एवढं करूनही सरकत असेल

तर मग शरीर, आणि आता खुशाल ओरडा. बर्फावर कोच स्पिन झाल्यावर खाली वाकून रेघा बघतो, इनलाइनवर रेघा उमटत नाहीत ही मोठी अडचण. काळ्या कडप्प्यावर किंवा गडद टाइलवर पुढच्या दोन चाकांच्या कडेला खडू घासून एक स्पिन घ्या. चांगला स्पिन चकलीसारखा उमटतो, कडी कड्यावर बसलेली. सरकणारा कड्यांची सरळ रांग सोडतो. रांगेच्या आधीची रेघ बघा, सगळं तिथे असतं. स्पिनमध्ये शिरतानाचा बाहेरचा एज आत वळत वळत, आवळत गेला असेल तर थ्री-टर्न त्याच्या टोकाला बसतो. ती रेघ जवळजवळ सरळ असेल, तर मुलीने घाईने वळण घेतलंय. अंगातला पुढे जाण्याचा वेग संपलाच नाही, तोच तिला ओढत नेतोय. "अगं, थांब एक क्षण, मग वळ" हे सांगून होत नाही. फरशीवर खडूने तो आवळणारा बाक काढून द्यावा आणि त्यावरून चालवावं, बिनस्केटचं, मग स्केट घालून.

दुसरं नेहमीचं म्हणजे मागे बसणं. वजन टाचेकडे गेलं की मागचं चाक टेकतं आणि कितीही चांगला रॉकर वाया जातो. पुढच्या दोन चाकांवर, पायाच्या चवड्याखाली वजन हवं, गुडघा किंचित सैल.

शेवटी जे बिघाड नाहीत तेही सांगतो, कारण त्यांच्यावरही चाकं बदलली जातात. इनलाइनवरचा स्पिन बर्फापेक्षा हळूच असतो, घर्षण जास्त आहे, वीस फेरे होत नाहीत म्हणून फ्रेम खराब ठरत नाही. हॉकी स्टॉप (दोन्ही पाय आडवे घसटून थांबणं) होत नाही, होऊ द्यायचाही नाही. सॅल्काव किंवा लूप या उड्यांना बर्फावर पातं शेवटच्या क्षणी थोडं आडवं घसरून वळतं, ते चाकावर होत नाही, तिथे वळणं आधी पूर्ण करूनच उडावं लागतं. त्यात वाईट काही नाही. वर्ल्ड स्केट या चाकांच्या स्केटिंगच्या जागतिक संघटनेच्या आर्टिस्टिक प्रकारात इनलाइन ही स्वतंत्र स्पर्धाच आहे, ती काही बर्फाची गरीब बहीण नव्हे.

मात्र सुट्टीत गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर किंवा देहरादूनला, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेल्या रिंकवर नेणार असाल, तर पहिल्या दिवशी मुलाला स्पिन करायला लावू नका. ब्लेडला दोन धारा आहेत, चाकाला एकच शिखर, पाय आधी बाजूला निसटणार. स्ट्रोकिंग, थांबणं, एज, मग थ्री-टर्न. स्पिन दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा खाली वाकून रेघा नक्की बघा, शक्य असेल तर फोटो काढून आणा. घरी कडप्प्यावरच्या खडूच्या रेघांशी त्या ताडून पाहता येतील.